लॅपलँडमध्ये भुंगेऱ्यांचं सर्वेक्षण: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

फिनलंडमध्ये जीवशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकायला आलेली आपल्याकडची मुलंमुली उन्हाळ्याच्या फील्डवर्कसाठी उत्तरेला, लॅपलँडमध्ये, जायला निघाली की बहुतेकांचे प्रश्न सारखेच असतात. परवानगी कुणाकडे मागायची, सापळ्यात काय भरायचं, एवढ्या थंडीत किडे मिळतात का? मिळतात, आणि भरपूर मिळतात. पण बाटलीभर भुंगेरे जमले म्हणजे सर्वेक्षण झालं असं नाही. कुठे, कोणत्या पद्धतीने, किती वेळात आणि जमिनीत पुरलेल्या किती पेल्यांच्या सापळ्यांत ते मिळाले हे लिहिलेलं नसेल, तर त्या बाटलीचा पुढे कुणालाही उपयोग होत नाही. म्हणून या लेखात पकडण्याइतकीच जागा नोंदींना दिली आहे.

उदाहरण किल्पिस्यार्वीचं घेते, कारण ती जागा मला पायाखालची आहे. फिनलंडच्या वायव्य टोकाला, 69 अक्षांशावर, नॉर्वे आणि स्वीडनच्या सीमा जिथे भेटतात तिथलं हे छोटं गाव. रोव्हानिएमीहून बसने चारशेहून अधिक किलोमीटर. हेलसिंकी विद्यापीठाचं जीवशास्त्र केंद्र गावातच आहे. तुम्ही उत्स्योकीला तुर्कू विद्यापीठाच्या केव्हो केंद्रावर जाणार असाल, तरी पुढचं जवळजवळ सगळं तसंच लागू पडेल.

1. आधी प्रश्न ठरवा, मग जागा

"इथले सगळे भुंगेरे शोधायचेत" हा प्रश्न एका उन्हाळ्यात सुटणारा नाही. फिनलंडमध्ये भुंगेऱ्यांच्या 3700 हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. उत्तरेकडे जाल तशा त्या कमी होतात, तरी नवख्या माणसाला पुरून उरतील इतक्या राहतातच.

एक गट निवडा. माझं मत विचाराल तर कॅराबिड, म्हणजे जमिनीवर धावणारे शिकारी भुंगेरे. ते सापळ्यात सहज येतात, त्यांच्या ओळखीच्या चाव्या (एकेक लक्षण पाहत जात ठरवायचे तक्ते) चांगल्या आहेत आणि जुन्या नोंदी भरपूर असल्याने तुलना करता येते. रोव्ह बीटल म्हणजे आखूड पंखांचे लांबुडके भुंगेरे. त्यांच्या जाती उत्तरेत अधिक, पण सुरुवात त्यांच्यापासून केलीत तर हिवाळाभर सूक्ष्मदर्शकावरून मान वर निघणार नाही. सापळ्यात आलेलं सगळं जपून ठेवा, ओळख मात्र एकाच गटाची हाती घ्या.

किल्पिस्यार्वीची खासियत उंचीत आहे. गावालगतच्या तळ्याचं पाणी 473 मीटरवर आणि साना डोंगराचा माथा 1029 मीटरवर. साधारण 600 मीटरपर्यंत बुटक्या बर्चचं रान, त्यावर खुरट्या झुडपांचा उघडा माळ, त्याहून वर दगड, दगडफूल आणि उशिरा वितळणारे बर्फाचे पट्टे. एका दिवसाच्या चालीत इतके वेगळे अधिवास मिळतात, म्हणून उंचीनुसार जाती कशा बदलतात हा प्रश्न इथे छान बसतो. चार अधिवास पुरेत: बर्चचं रान, उघडा माळ, दलदल आणि बर्फाच्या पट्ट्याची कड.

2. परवानग्या हिवाळ्यातच मागा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. फिनलंडमध्ये कुणालाही कुणाच्याही रानातून चालायचा, तंबू ठोकायचा, बेरी आणि अळंबी गोळा करायचा हक्क आहे. लोक गृहीत धरतात की याच हक्कात सापळेही आले. तसं नाही. जमिनीत पेला पुरायचा तर जमीनमालकाची परवानगी हवी. लॅपलँडमधली बरीचशी जमीन सरकारी आहे आणि तिचा कारभार मेत्सॅहल्लितुस या संस्थेकडे आहे, तेव्हा अर्ज तिकडे जातो.

राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव क्षेत्रांत नियम आणखी कडक. तिथे कीटक गोळा करायलाच बंदी आहे, मग तो सापळ्याने असो की हाताने. संशोधनासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. गावाजवळच्या माल्लाच्या कडक राखीव क्षेत्रात तर आखलेली वाट सोडून चालताही येत नाही. सानाच्या उताराचा काही भागही संरक्षित आहे, त्यामुळे नकाशावर हद्दी नीट पाहिल्याशिवाय एकही खड्डा खणू नका. निसर्गसंरक्षणाचा नवा कायदा 1 जून 2023 पासून लागू झाला आहे. जुन्या प्रबंधांत दिलेले कलमांचे आकडे तुमच्या अर्जात उतरवू नका.

अर्जासोबत हे तयार ठेवा:

- एका पानाचा संशोधन आराखडा: प्रश्न, पद्धत, पेल्यांची संख्या, तारखा
- प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश आणि नकाशा
- मार्गदर्शकाचं किंवा विद्यापीठाचं पत्र
- सापळ्यात कोणतं द्रव असेल आणि काम संपल्यावर ते कुठे टाकाल याची माहिती
- नमुने शेवटी कोणत्या संग्रहालयात जातील त्याचा उल्लेख

कागदावर कुणी मागत नसलं तरी एक गोष्ट करा. हा सामी लोकांचा, म्हणजे उत्तरेतल्या मूळ रहिवाशांचा, मुलूख आहे आणि या माळांवर त्यांचे रेनडिअर चरतात. रेनडिअर पाळणाऱ्यांच्या स्थानिक संघाला, ज्याला तिथे पालिस्कुन्ता म्हणतात, जागा आणि तारखा आधीच कळवा. कळप कधी कुठून जाणार हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यांनी "त्या आठवड्यात तिकडे नको" म्हटलं तर सापळ्यांची ओळ दुसरीकडे हलवा. कुंपणाचं फाटक उघडलंत तर मागे वळून लावायला विसरू नका.

3. जायचं कधी

तळ्यावरचं बर्फ साधारण जूनच्या मध्यावर फुटतं. त्याच सुमारास माळ उघडा पडू लागतो आणि भुंगेरे लगेच चालायला लागतात. सापळे जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत ठेवा. जुलैचं सरासरी तापमान 11 अंशांच्या आसपास असतं आणि भर उन्हाळ्यातही माथ्यावर बर्फ भुरभुरू शकतो.

आपल्याकडे हुमणीचे भुंगेरे पकडायला पहिल्या पावसानंतर प्रकाश सापळे लावतात. शेतीच्या पार्श्वभूमीची मुलं तोच विचार घेऊन येतात. इथे तो चालत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, दिव्याकडे कोण येणार? तो खर्च वाचवा.

दुसरं म्हणजे, उत्तरेतल्या कित्येक कॅराबिडांना अंड्यापासून प्रौढ व्हायला दोन वर्षं लागतात. उन्हाळाच इतका आखूड, की अळी एक हिवाळा तशीच काढते. एका उन्हाळ्यात भरपूर दिसलेली जात पुढच्या उन्हाळ्यात जेमतेम दिसू शकते. जमत असेल तर त्याच जागी सलग दोन उन्हाळे काम करा. जमत नसेल तर निदान निष्कर्ष लिहिताना हे ध्यानात ठेवा.

4. सामान

- सारख्या तोंडाचे प्लास्टिकचे पेले, तोंड 6 ते 8 सेंटीमीटर, लागतील त्याच्या दुप्पट
- पेल्यावरच्या छपरासाठी पातळ प्लायचे किंवा प्लास्टिकचे तुकडे आणि लांब खिळे
- दीड सेंटीमीटर भोकांची तारेची जाळी
- कंदमुळं लावायचा गोल खणका आणि एक बळकट खुरपं
- प्रोपिलीन ग्लायकॉल, बिनवासाचं भांडी घासायचं द्रव
- 70 ते 80 टक्के अल्कोहोल, आणि डीएनएसाठी वेगळ्या नळ्यांत 96 टक्के
- चहाची बारीक गाळणी, पांढरा ट्रे, मऊ चिमटा, किडे ओढून घ्यायची नळी
- पालापाचोळा चाळायची चाळणी, पाण्याची जाळी, पांढरं कापड, बादली
- जीपीएस, कागदी नकाशा, होकायंत्र
- शिसपेन्सिली आणि ओल न धरणारा कागद
- डोक्यावरून घ्यायची मच्छरजाळी

शेवटची वस्तू हौसेची समजू नका. जूनच्या अखेरीपासून डास, काळ्या माश्या आणि चिलटं अशी तिन्ही सैन्यं एकदम उतरतात. दोन्ही हात पेल्यात अडकलेले असताना तोंडावरचे डास हाकलता येत नाहीत. अंगाला लावायचं औषध वापराल तर हात धुऊन मगच नमुन्यांना हात लावा, त्यातलं रसायन प्लास्टिक खराब करतं.

5. खड्ड्याचे सापळे

सर्वेक्षणाचा कणा हाच, तेव्हा इथे घाई नको. प्रत्येक अधिवासात किमान दोन ओळी, ओळीत पाच ते दहा पेले, दोन पेल्यांत दहा मीटर. सगळीकडे पेल्याचं तोंड एकाच मापाचं ठेवा, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडता येणार नाहीत.

एका खड्ड्यात दोन पेले, एकात एक घातलेले. बाहेरच्या पेल्याच्या तळाला भोकं पाडा, म्हणजे साचलेलं पाणी झिरपून जाईल. दर वेळी फक्त आतला पेला उचलायचा, खड्डा ढासळत नाही. माळावर मातीचा थर पातळ असतो आणि खणका चार बोटांवर दगडाला लागतो. दगड उपटत बसू नका, हातभर बाजूला सरका आणि नवी जागा लिहून ठेवा.

आता काठ. पेल्याचा काठ जमिनीच्या पातळीत किंवा केसभर खाली हवा. पालथं पडून, गाल जमिनीला टेकवून बघा. दोन मिलिमीटरचा उंचवटा तुम्हाला उभ्याने दिसणार नाही, पण नोटिओफिलससारख्या पाच मिलिमीटरच्या भुंगेऱ्यासाठी तो बांध आहे. तो बटबटीत डोळ्यांचा, पितळी चकाकीचा प्राणी काठापाशी येतो, मिशा टेकवतो आणि वळसा घालून निघून जातो. बोटाने ओलं शेवाळ आणि माती काठाभोवती दाबून घ्या, फट राहू देऊ नका.

पेला एक तृतीयांश भरा: निम्मं प्रोपिलीन ग्लायकॉल, निम्मं पाणी, वर बिनवासाच्या साबणाचा एक थेंब. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि भुंगेरा बुडतो. ग्लायकॉलमुळे रात्री द्रव गोठत नाही. गाड्यांत घालतात ते एथिलीन ग्लायकॉल स्वस्त मिळतं, ते कदापि वापरू नका. ते गोड असतं आणि विषारी असतं, रेनडिअर किंवा कुत्रा प्यायला तर जिवावर बेतेल. मिठाचं पाणीही नको, रेनडिअर मिठासाठी वेडे असतात आणि ओळीच्या ओळी उपटून ठेवतात. व्हिनेगर, बिअर यांच्या वासाने काही जाती ओढल्या जातात, मग तुम्ही जागा मोजत नसून वास मोजत असता.

वर जाळी बसवा. दीड सेंटीमीटरच्या भोकातून कॅरॅबस ग्लॅब्रॅटससारखा तीन सेंटीमीटरपर्यंत लांब भुंगेरासुद्धा आत जातो, कारण त्याची रुंदी जेमतेम सेंटीमीटरभर असते. लेमिंग आणि व्होल हे उंदरासारखे छोटे प्राणी मात्र अडतात. लेमिंग भरमसाट झालेल्या वर्षी जाळी नसेल तर पेल्यांत दुसरं काही उरत नाही. एखादी छोटी चिचुंद्री तरीही पडतेच. तसं झालं तर वहीत त्या पेल्यापुढे खूण करा. कुजत्या मांसाच्या वासाने थॅनॅटोफिलस लॅपोनिकससारखे मुडदाखाऊ भुंगेरे लांबून येतात आणि त्या पेल्याचा आकडा बाकीच्यांबरोबर बसत नाही. जाळीवर तीनचार सेंटीमीटर उंच छप्पर खिळ्यांवर टेकवा आणि वर एक दगड ठेवा, वारा इथे जोरदार असतो.

नुकत्याच खणलेल्या खड्ड्याभोवती काही दिवस भुंगेऱ्यांची वर्दळ वाढते. म्हणून पेले पुरल्यावर तीनचार दिवस झाकण लावून ठेवा, मग सगळे एकाच दिवशी उघडा.

दर चौदा दिवसांनी रिकामे करा. गाळणीत ओता, पाण्याने धुवा, अल्कोहोलमध्ये घाला. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून नळीच्या आत टाका. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी गळून पडते.

वहीत प्रत्येक पेल्याची स्थिती लिहा: ठीक, पाण्याने भरलेला, उपटलेला, हरवलेला. उपटलेला पेला म्हणजे शून्य भुंगेरे असं कधीही लिहू नका. तिथे शून्य होते की पन्नास, आपल्याला कळलेलंच नाही. ठीक सापडलेला रिकामा पेला मात्र खरं शून्य आहे आणि माथ्यावर अशी शून्यं बरीच येतात. ती तितक्याच काळजीने नोंदा. शेवटी चालू पेले गुणिले दिवस हा आकडा काढायचा आणि भुंगेऱ्यांची संख्या त्याने भागायची. हेही लक्षात असू द्या की सापळा संख्या मोजत नाही, हालचाल मोजतो. गारठ्याच्या आठवड्यात भुंगेरे तिथेच असतात, फक्त चालत नाहीत. म्हणून प्रत्येक ओळीजवळ तापमान नोंदणारं छोटं यंत्र ठेवलंत तर फार बरं.

6. हाताने शोध

सापळ्यात न येणाऱ्या जाती खूप आहेत, आणि खरं सांगायचं तर सर्वेक्षणातला आनंद इथेच आहे. नियम एकच: घड्याळ लावा. एका माणसाने एका जागी तीस मिनिटं, सगळीकडे तेवढीच. कुठे काय करायचं ते असं:

ओढ्याकाठचे गोटे: हाताने पाणी उडवून किनारा भिजवा आणि क्षणभर थांबा. बेंबिडिऑनचे चिमुकले, चकचकीत भुंगेरे फटींतून वर धावतात.

दलदल: काठावरचं शेवाळ पायाने हळूहळू पाण्याखाली दाबा. भुंगेरे तरंगून वर येतात, ते चाळणीने उचला. इलाफ्रस लॅपोनिकस ओल्या शेवाळाच्या अशाच जागी भेटतो. डबक्यांत पाण्याची जाळी फिरवा. फिनलंडमधल्या पाणभुंगेऱ्यांत डिटिस्कस लॅटिसिमस आणि ग्रॅफोडेरस बायलिनिएटस या युरोपभर संरक्षित जाती आहेत. त्या दक्षिणेकडच्या आहेत, तरी पाणभुंगेऱ्यांवर काम करणाऱ्याने त्या ओळखायला शिकलंच पाहिजे.

विलोची झुडपं: खाली पांढरं कापड धरा आणि फांदीवर काठीने एकच टोला द्या. पानं खाणारे क्रायसोमेला लॅपोनिका आणि सोंडकिडे पडतात. सकाळी गारवा असताना करा, उन्हं वर आली की ते उडून जातात.

रेनडिअरच्या लेंड्या: बादलीभर पाण्यात टाका आणि ढवळा, शेणकिडे वर येतात.

वठलेले बर्च: सालीखाली आणि खोडावरच्या कठीण अळंब्यांत बघा, पण खोड फोडू नका. उपिस सेराम्बॉइडिस हा काळा, खरबरीत भुंगेरा वठलेल्या बर्चमधलाच. त्याच जातीचे अलास्कातले भुंगेरे उणे 60 अंशांपर्यंतची थंडी सोसतात.

बर्फाच्या पट्ट्याची कड: इथे जरा जास्त वेळ द्या. बर्फ सरकून नुकत्याच उघड्या पडलेल्या चिखलातले चपटे दगड उचला. निब्रिया निव्हालिस अशाच जागेचा रहिवासी आहे. दगडाखाली तो काळा, लांब पायांचा भुंगेरा गार चिखलावर निश्चल बसलेला असतो आणि उजेड पडताच क्षणात दुसऱ्या फटीत जातो. वाऱ्याने बर्फावर येऊन पडलेले, गारठलेले किडे या गटाच्या पोटाची सोय करतात, म्हणून बर्फाचा पृष्ठभागही पाहा.

उचललेला प्रत्येक दगड होता तसाच, त्याच खळग्यात परत ठेवा. दगडफूल इथे वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं, उलटा पडलेला दगड पिढीभर तसाच दिसत राहतो.

डोंगरावर एकट्याने जाऊ नका. धुकं दहा मिनिटांत उतरतं. आपत्कालीन क्रमांक 112 आहे, आणि "112 सुओमी" या ॲपमधून फोन केलात तर ते तुमची जागा आपोआप कळवतं. ते फोनमध्ये हवंच, पण मोबाइलची रेंज सगळीकडे असेल असं धरून चालू नका. केंद्रावर परतायची वेळ लिहून निघा.

7. लेबल

जुन्या संग्रहांत असे नमुने भेटतात ज्यांच्या टाचणीला नुसतं "लॅपोनिया" लिहिलेलं असतं. जपणूक सुंदर, पण चार देशांत पसरलेल्या मुलखात तो कुठला, हे आता कुणी सांगू शकत नाही.

लेबलवर देश, जीवभौगोलिक प्रांत, नगरपालिका, नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, उंची, अधिवास, पद्धत, तारखा आणि गोळा करणाऱ्याचं नाव. किल्पिस्यार्वी एनोन्तेकिओ नगरपालिकेत येतं आणि त्याच्या प्रांताची खूण "एलई". सापळ्याच्या नमुन्याला एक तारीख पुरत नाही, उघडल्याची आणि रिकामा केल्याची अशा दोन्ही हव्यात. महिना रोमन अंकात लिहायची रीत पाळा, म्हणजे 6 आणि 7 मधला दिवस कोणता, महिना कोणता हा घोळ राहत नाही.

8. ओळख

फोटोवरून ओळखायचा मोह आवरा. अमारा किंवा पॅट्रोबस या वंशांतल्या जाती वरून इतक्या सारख्या दिसतात की नराचं जननेंद्रिय काढून पाहिल्याशिवाय खात्री होत नाही. ते काम अवघड वाटतं, पण सराव होतो. नमुना कोमट पाण्यात मऊ करा, मागच्या टोकातून बारीक आकड्याने अवयव ओढून काढा आणि भुंगेऱ्याशेजारी त्याच कार्डावर चिकटवा. दुसऱ्या कार्डावर ठेवलात तर तो हरवलाच म्हणून समजा.

खात्री नसेल तिथे वंशापर्यंत थांबा. "अमारा, जात अनिश्चित" ही नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी चांगली. प्रत्येक जातीचा निदान एक नमुना हेलसिंकीच्या लुओमुस संग्रहालयातल्या किंवा ओउलू, तुर्कूच्या विद्यापीठ संग्रहातल्या जाणकाराला दाखवा. जाताना लेबलं पूर्ण करून आणि शंका लिहून न्या, ही मंडळी आपुलकीने वेळ देतात.

9. नोंदी भरा, माळ मोकळा करा

नोंदी लाजी डॉट एफआय या फिनलंडच्या राष्ट्रीय जैवविविधता संकेतस्थळावर, तिथल्या "व्हिहको" वहीत भरा. चालू पेले, दिवस, शोधाची मिनिटं हे सगळं शेरा म्हणून जोडा. दुर्मीळ जातीची नोंद असेल तर नेमकी जागा सगळ्यांना दिसू द्यायची की नाही, हे मार्गदर्शकाशी बोलून ठरवा. नमुने घरी खोक्यात ठेवू नका आणि भारतातही नेऊ नका, ते संग्रहालयात द्या.

शेवटच्या फेरीला यादी हातात घेऊन प्रत्येक पेला, खिळा, छप्पर मोजून उचला. खड्डे त्याच मातीने भरा आणि बाजूला काढून ठेवलेला शेवाळाचा तुकडा वर दाबून बसवा. वापरलेलं ग्लायकॉल डब्यात भरून केंद्रावर परत आणा, माळावर ओतू नका. परवाना देणाऱ्या कार्यालयाला जातींची यादी आणि जागा उचलल्याचं कळवणारा अहवाल परवान्यात दिलेल्या मुदतीत पाठवा, आणि त्याची एक प्रत पालिस्कुन्तालाही द्या.